दोन सेकंदांचा थांबा

"पोरी, माजं हात जोडून झाल्याबिगर मशिन सोडू नगंस."

तानाबाईंचा हा आवाज अजून कानात आहे. चाकणजवळच्या आमच्या कंपनीत त्या तीन नंबरच्या, वरून दाब देणाऱ्या प्रेसखाली पत्रा लावायच्या. रोज सकाळी सातला पहिला पत्रा ठेवला की प्रेसला हात जोडायच्या. प्रेसचे प्रोग्रॅम मी लिहिते. पत्रा ठेवल्यावर हात मागे घ्यायला मी त्यात दोन सेकंदांचा थांबा ठेवला होता. त्यांचा नमस्कार त्यात बरोबर बसायचा.

प्रोग्रॅमच्या एका फेरीला किती वेळ लागतो हे मोजायला मी लॅपटॉपवर छोटी स्क्रिप्ट लावली होती. फेरी सुरू झाली की वेळ टिपायची, संपली की टिपायची. नऊ सेकंद. तो आकडा मॅनेजर रणजीतसरांनी पाहिला.

"मॅडम, दोन सेकंद मशीन काय देवपूजा करतंय? काढा ते."

"सर, हात मागे घ्यायला..."

"आज उपास दिसतोय तुमचा. जेवा आणि काढा."

सकाळची माळ पुरी झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही आणि कुणाला कधी उणा शब्द बोलत नाही. आईने दिलेलं व्रत आहे. त्या दिवशी व्रत पाळलं आणि थांबा काढला. स्क्रिप्टने सात सेकंद दाखवले. सरांनी पेढे वाटले.

सोळाव्या दिवशी तानाबाईंचे दोन्ही हात मनगटापासून गेले.

अहवालात आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. वाचताना हातातली माळ इतकी आवळली गेली की तुटली. मणी टेबलाखाली गेले, ते मी वेचलेसुद्धा नाहीत.

दोन महिन्यांनी, बंद ठेवलेल्या प्रेसची चाचणी घेतली. समोर माणूस नाही, पत्रा नाही. सकाळी सात वाजताची पहिली फेरी नऊ सेकंदांची झाली. पुढच्या सगळ्या सात सेकंदांच्या.

प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. थांबा कुठेच नव्हता. स्क्रिप्ट चुकत असेल म्हणून दुसऱ्या दिवशी मनात नाम मोजलं. एका सेकंदाला माझं एक नाम होतं. पहिल्या फेरीला नऊ झाली. तिसऱ्या दिवशीही नऊ.

रविवारी तानाबाईंकडे गेले. सून दीपमाला चहाची बशी त्यांच्या ओठांना लावत होती.

"सकाळचं हात हायेत असंच वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "सातला जोडतेच मी. मोडंना सवय."

माझा चहा निवून गेला.

"हिला कंपनीनं घेतलंय. उद्यापासनं, त्याच मशिनवर. हिचं हात ऱ्हाऊ दे. सबूद दे मला."

शब्द दिला.

सोमवारी पावणेसातला सरांपुढे उभी राहिले. "थांबा परत घालते."

"प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. आणि त्या स्क्रिप्टच्या जुन्या नोंदी पुसा. नऊचे सात कधी झाले, हे बाहेर कळायला नको."

"नाही पुसणार."

"काय म्हणालात?"

"तुम्ही दोन हात खाल्लेत, सर. वाढले मी. आता तिसरा वाढणार नाही."

शॉपमधले सगळे कामगार वळून बघत होते. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं.

"नाटकं पुरे. चालू करा रे!"

सात वाजले. दीपमालेने पत्रा ठेवला, हात मागे घेतले.

प्रेस खाली आली नाही.

नऊ सेकंद. वीस. चाळीस.

सरांनी बटणं बडवली. शेवटी मेन स्विच खेचला. शॉप अंधारलं.

तीन नंबरचा हिरवा दिवा तसाच.

"मी येईपर्यंत आत हात घालू नकोस," मी दीपमालेला म्हटलं. लॅपटॉप न मिटता उचलला, छापून ठेवलेले नोंदींचे कागद पिशवीत घातले आणि फाटकाबाहेर पडले. कारखाना निरीक्षकांची कचेरी पुण्यात. दहाला उघडते.

बस मोशीच्या पुढे गेली तेव्हा दीपमालेचा फोन आला.

"ताई, घरून सांगावा आलाय. आत्याबाई सातपासून तशाच बसल्यात. मनगटं जुळवून, डोळे मिटून. सोडा म्हटलं तर सोडीनात. काय सांगू?"

मांडीवरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर सातची फेरी अजून संपली नव्हती.

"सांग, मी निघालेय."