माझ्या वरचं नाव

“तुम्ही लय घाई केली, मॅडम.”

मी दचकून मागे पाहिलं. सावली गावच्या बसस्टँडसमोरचं ऑनलाइन सेंटर, बाहेर पावसाची रिपरिप, आणि माझ्या खुर्चीमागे एक उंच मुलगा. पोटऱ्यांपर्यंत धानाच्या बांधीतला चिखल. नजर थेट माझ्या लॅपटॉपवर.

“कसली घाई?” मी चिडूनच विचारलं.

“लेझर बदलायची. अवस्थांतराचा ग्राफ आहे न हा? अणूंची ओळ मधीमधी तुटून राह्यली. हळू नेलं असतं तं नसती तुटली.”

मी... आ वासून बघतच राहिले.

पुण्यात पीएचडी करते मी. परदेशातल्या एका क्वांटम सिम्युलेटरला आम्ही इथून सूचना पाठवतो. तिथे लेझरनं धरलेली अणूंची रांग असते; प्रत्येक अणू जागा किंवा झोपलेला. लेझर बदलत नेला की एका क्षणी अख्खी रांग शिस्तीत येते – एक जागा, एक झोपलेला. तो क्षण नेमका कुठला, हे मला शोधायचं होतं. पण तीन आठवडे रांग विस्कटतच होती, आणि मी मशीनला दोष देत होते. पेपर पाठवायला उरले होते दहा दिवस. धानाच्या रोवण्यासाठी गावी आलेली, घरी रेंज नाही, म्हणून इथे बसलेली.

“तुम्ही... कोण?”

“आदेश. इथलाच, पण घुग्घुसच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन आहो.”

“आणि हे सगळं?”

“वाचतो. शिफ्टच्या बसमधी.” तो हसला, आणि मी उगाचच स्क्रीनकडे वळले.

त्याच दिवशी मी चारपट हळू वेग ठेवून सूचना पाठवली. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. निकाल आम्ही दोघांनी मिळून उघडला.

जागा, झोपलेला, जागा, झोपलेला... पार टोकापर्यंत!

मी अशी किंचाळले की सेंटरवाल्या गुणवंतरावांच्या हातातले झेरॉक्स खाली सांडले.

“मॅडम... हात,” आदेश पुटपुटला. त्याचं मनगट मी घट्ट धरलं होतं.

“चंचल म्हणा,” मी म्हटलं. हात मात्र जरा उशिरानंच सोडला. “पूर्ण नाव सांगा. आभारात लिहिते.”

“राहू द्या न.”

“सांगा!”

“आदेश भानारकर.”

माझी बोटं कीबोर्डवर थिजली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाइड सरांकडे पीएचडीची एकच जागा होती. तिच्यावर हे नाव, आणि खाली प्रतीक्षा यादीत पहिलं माझं. हा आलाच नाही, म्हणून मी आत गेले. “असा कोण बावळट, जो ही जागा सोडतो!” होस्टेलवर मी सगळ्यांना हसत सांगत असे.

“ते... तुम्ही?”

“बाबाले लकवा मारला तवा. त्याईच्या जागी नोकरी घ्या लागली.”

“माझं माहीत होतं तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी. स्क्रीनवर सरांचं नाव होतं, खाली यादीतलं तुमचं.”

“राग नाही आला?”

“आला न. जेवलोच नाई त्या दिवशी.” तो खाली बघत म्हणाला, “पण ग्राफ चुकलेला कसा सोडू?”

मी लॅपटॉप मिटला. “आभारात नाही लिहिणार मी तुमचं नाव.”

त्याचा चेहरा उतरला.

“लेखकांत लिहिणार. माझ्या शेजारी. सरांशी मी बोलते.” आणि मग जे तोंडून निघालं, ते ऐकून मीच हादरले. “अन् फक्त पेपरातच नाई... मले तुम्ही शेजारी पाहिजे. कायमचे.”

गुणवंतरावांनी झेरॉक्स मशीन बंद केली. आदेश मटकन स्टुलावर बसला.

“चंचल... मी खाणीतला मानूस. घरी बाबा असे...”

“मी विचारून नाई राह्यली. सांगून राह्यली.”

त्यानं माझी पाण्याची बाटली उचलली आणि एका दमात रिकामी केली. कान लाललाल झालेले. मग हळूच म्हणाला, “उद्या घरी येशीन का? आईले एकट्यानं सांगाची माही हिंमत नाई.”