मातीच्या घरात एकशे नव्वद

"सकाळी वीस, दुपारी एकशे नव्वद. आणि म्हणे यंत्र बिघडलंय. बिघडायला मी काय मिक्सर आहे?"

ही कुरकुर मनवाच्या अगदी कानाशी चालली होती. ती चटईवर पालथी पडून गणितं सोडवत होती आणि कुरकुरणारा तिच्या उशीला टेकून उभा होता. त्याचं नाव हुंग्या. नारळाएवढा यंत्रमानव. खाली तीन चाकं, डोक्यावर एक दिवा आणि पुढे जाळीचं नाक. मनवाच्या अप्पाआजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तो जुन्या सामानातून बनवला होता. त्याला एकच काम येत असे: हवा हुंगायची आणि आकडा सांगायचा. तोंडाळपणा मात्र कुणी शिकवला नव्हता, तो आपला आपणच आला.

"यंत्र बिघडलंय असं बाबा म्हणाला, मी नाही," मनवा म्हणाली.

"तू गप्प बसलीस. तेही तेच."

पलीकडे पडद्याआड आई खोकत होती. कोरडा, लांबलचक खोकला. मनवाची पेन्सिल थांबली. खोकला थांबेपर्यंत ती थांबलेलीच राहिली.

सगळा घोळ इथेच होता. हे घर बांधलं होतं ते त्या खोकल्यासाठीच. शहरातल्या फ्लॅटमध्ये आईला सहा वर्षं खोकला. धूळ झाली, कबुतरं झाली, तऱ्हेतऱ्हेची औषधं झाली. शेवटी अप्पांनीच टूम काढली, की आजऱ्याजवळ आपला जमिनीचा तुकडा पडून आहे, तिथे स्वतःच्या हातानं घर बांधा. लहान बांधा, पण विषारी काही वापरू नका. मग वर्षभर सगळे राबले. दोनशे चौरस फुटांचं घर. भिंतींना तिथलीच तांबडी माती, त्यात भाताचा पेंढा कालवलेला. वरून चुन्याचा गिलावा. छपराला बांबू आणि जुनी कौलं. जमीन शेणानं सारवलेली. सगळ्याचा खर्च एका बऱ्यापैकी इलेक्ट्रिक स्कूटरएवढा. बाबा तर येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीवर टिचकी मारून दाखवायचा.

येणारी प्रत्येक वस्तू हुंग्या फाटकातच अडवायचा. रंगाचा एक डबा त्याने परत पाठवला, प्लॅस्टिकचा गालिचा परत पाठवला. मावशीने दिलेली नवीकोरी गादी तर तीन आठवडे उन्हात पडून होती.

आणि एवढं करून आईचा खोकला गेला नाही. दुपारी तर वाढायचाच.

"अजून पंधरा दिवस बघू," परवा आई बाबाला हळूच म्हणाली होती, "नाहीतर मी वेंगुर्ल्याला ताईकडे जाऊन राहते. मनवाची शाळा इथेच राहू दे."

दोनशे चौरस फुटांच्या घरात हळूच बोललेलं सगळ्यांनाच ऐकू जातं, हे आईच्या लक्षात आलं नसावं. पंधरातले दोन दिवस संपले होते.

मनवाने गणिताची वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहिलं: 'सकाळी वीस. दुपारी एकशे नव्वद. का?'

अप्पा ओसरीवर बांबू तासत बसले होते. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी रसायनांच्या कारखान्यात शास्त्रज्ञ म्हणून काम केलं होतं. काहीही विचारलं की आधी चष्मा पुसायचे, मग उत्तर द्यायचे.

"अप्पाआजोबा, हा वीस म्हणजे नेमका कसला वीस?"

"अब्जांश," चष्मा पुसत अप्पा म्हणाले. "हवेचे शंभर कोटी कण घेतले, तर त्यातले वीस कण फॉर्मल्डिहाइडचे. डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा वायू आहे तो, रंग नसतो त्याला. वीस म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. थोडासा तो झाडं सोडतात, थोडासा आपल्या श्वासातही असतो. शंभराच्या वर गेला, की नाजूक छातीच्या माणसाला जड जातो."

"मग एकशे नव्वद आले कुठून? रस्त्यावरून?"

"रस्त्यावरून येत असतील, तर खिडकी उघडल्यावर काय व्हायला पाहिजे?"

मनवाने विचार केला. "वाढायला पाहिजे."

"करून बघ."

तिने भर दुपारी खिडक्या सताड उघडल्या. अर्ध्या तासात हुंग्याने रुसक्या आवाजात चाळीस सांगितले. बंद केल्या, पुन्हा वर चढला. म्हणजे बाहेरून येत नव्हतं. आतूनच कुठूनतरी येत होतं. मनवा आणखीच गोंधळली. आत होतं काय? माती, चुना, बांबू, शेण.

"चुना असेल," बाबाने जेवताना सुचवलं. "ओला असताना किती झोंबतो."

"ओला असताना, जावईबापू," अप्पा म्हणाले. "वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा पुन्हा दगड होतो. आपल्या भिंती गेले तीन महिने हळूहळू दगड होतायत. दगड कशाला फॉर्मल्डिहाइड सोडेल?"

"मग माती?"

"माती दमट दिवसात ओल पिऊन ठेवते आणि कोरड्या दिवसात परत देते. म्हणून तर उशी कुबट होत नाही. तिच्यावर आळ घेऊ नका."

"दारांना लावलेलं जवसाचं तेल?" मनवाने विचारलं. त्याचा वास तिला आवडत नसे.

"हां, हा प्रश्न चांगला आहे. जवसाचं तेल वाळताना थोडे झोंबरे वायू सोडतं खरं. नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवीच असेल, असं समजू नये. लाकडाचा धूर काय कमी नैसर्गिक असतो? पण तेल वाळून आता दोन महिने झाले. वाळलं, संपलं."

"मग राहिलं काय?" मनवा म्हणाली.

बाबाला एकदम ताकात मीठ कमी वाटायला लागलं. आई पाणी आणायला उठली. अप्पांनी चष्मा पुसला आणि मग पुन्हा पुसला.

मनवाने जेवणानंतर हुंग्याला कोपऱ्यात गाठलं. "तुला माहीत आहे ना, कुठून येतंय ते?"

"आकडा सांगेन."

"आकडा नको. वस्तू सांग."

"तिथे मला मर्यादा आहे," हुंग्या म्हणाला आणि दिवा मंद करून भिंतीकडे वळला.

ही मर्यादेची भानगड तिला ठाऊक होती. वास्तुशांतीच्या दिवशी हुंग्याने एका पाहुण्याच्या मोज्यांबद्दल सगळ्यांदेखत मत दिलं होतं. त्या दिवसापुरतं त्याला टोपलीखाली झाकून ठेवलं, आणि नंतर अप्पांनी त्याला शिकवलं, की हवेचा आकडा सांगायचा, पण कुणावर बोट ठेवायचं नाही. तेव्हा सगळ्यांना ते बरोबरच वाटलं होतं.

शुक्रवारी जमीन पुन्हा सारवायची ठरली. सारवायचं म्हणजे घरातलं झाडून सगळं बाहेर. बांबूचा पलंग, गादी, भांडी, पुस्तकांची खोकी, गोधड्या, शिलाई मशीन आणि अप्पांनी वास्तुशांतीला आहेर म्हणून दिलेलं कपाट. सगळं अंगणात ताडपत्रीखाली गेलं. कपाटाला चौघांचे हात लागले. गुळगुळीत बदामी रंगाचं, आरशाचं, आईच्या उंचीला बेतून केलेलं. अप्पा दोन महिने खपले होते त्यावर. लाल कापडात गुंडाळून आणलं होतं, आणि आईने सगळ्यांसमोर कापड बाजूला केलं तेव्हा अप्पांनी उगाच छपराकडे बघितलं होतं.

सारवण बाबाने केलं. हाताचे पंखे जमिनीवर कसेबसे उमटले. "हे काय, मोर नाचून गेला की म्हैस?" आई दारातून म्हणाली. ती हसली आणि खोकली नाही. हे मनवाच्या उशिरा लक्षात आलं.

शनिवारी भर दुपारी जमीन खडखडीत वाळलेली, घर रिकामं, खिडक्या बंद. हुंग्या आत एकटा.

"वास भयंकर आहे," तो आतून म्हणाला. "आकडा सोळा."

"सोळा? एवढा शेणाचा वास येतोय आणि सोळा?"

"वास वेगळा, विष वेगळं," ओसरीवरून अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "वास येणारं सगळं वाईट नसतं. आणि काही वाईट गोष्टींचा वास नाकाला सवयीचा होऊन जातो. मग तो येईनासा होतो."

मनवाने वहीत सोळा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. भिंती निर्दोष. छप्पर निर्दोष. जमीन निर्दोष. राहिलं ते अंगणात होतं.

"आपण उद्या एकेक वस्तू आत नेऊ," ती म्हणाली. "एक नेली, की अर्धा तास दार बंद. मग आकडा. एका वेळी एकच बदल, म्हणजे कुणामुळे झालं ते कळेल. तुम्हीच सांगितलं होतंत ना, अप्पाआजोबा?"

"सांगितलं होतं," अप्पा म्हणाले.

आईने ताडपत्री उगाच सारखी केली. "कशाला एवढा उपद्व्याप. सगळं एकदम नेऊन टाकू या."

"पण मग कळणार कसं?" मनवाने विचारलं. आई ताडपत्रीच सारखी करत राहिली. आपण काय चुकीचं बोललो, हे तिला समजेना.

रविवारी दहा वाजता सुरुवात झाली. यादी अप्पांनी केली होती. पलंग गेला: सतरा. गोधड्या: सतरा. भांडी: सतरा. पुस्तकांची खोकी गेल्यावर एकोणीस झाले, पण पुढे काही वाढेना. गादी: वीस. शिलाई मशीन: वीस. शेवटी आईचे कपडे खुंट्यांवर टांगले गेले. दोन वाजले. कौलं तापली होती. खिडक्या बंद, घर भरलेलं. हुंग्याने सांगितले बावीस.

यादी संपली होती. अंगणात कपाट उभं होतं. ते यादीत नव्हतंच.

बाबाने दोर हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तेवढंही आत घ्या ना," आई म्हणाली. "पावसात भिजायचं." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. "मला त्याशिवाय सुचायचं नाही. अप्पांनी किती जीव ओतून केलंय."

मनवाने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आई कपाटाकडे बघत नव्हती, बाबा आईकडे बघत नव्हता, आणि हुंग्या तर दिवाच बंद करून बसला होता. हे सगळे मोठे लोक नेमकं कशाला घाबरले होते? कपाटाला तर कुणी घाबरत नाही.

अप्पा उठले. कपाटाचं दार उघडून त्यांनी डोकं आत घातलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि खोकत बाहेर आले.

"मनवा, ये इकडे. हे लाकूड नाही. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेत. त्याला प्लायवूड म्हणतात. चिकटवतं काय? गोंद. या गोंदाच्या कणांची साखळी असते. तुम्ही मुलं हात धरून साखळी करता ना, तशी. युरिया नावाच्या कणांचे हात फॉर्मल्डिहाइडच्या कणांनी धरलेले. साखळी पक्की व्हावी, म्हणून कारखान्यात फॉर्मल्डिहाइड थोडा जास्तच घालायचे. जास्तीच्याला धरायला हात उरत नाही. तो मोकळाच फिरतो आणि फटीफटीतून हवेत जातो."

"आणि दुपारीच का?"

"ऊन आणि दमट हवा मिळाली, की धरलेले हातही सुटायला लागतात. म्हणून दुपारी एकशे नव्वद आणि सकाळी वीस. आता काही बऱ्या प्रकारचे गोंद निघालेत. हा माझा जुना आहे. डबे शिल्लक होते माझ्याकडे."

मनवाच्या डोक्यातला गुंता एकेक धागा करून सुटत गेला. बंद खिडकी, तापलेली कौलं, आहेर आला तेव्हा टोपलीखाली असलेला हुंग्या. आहेर कोण हुंगणार?

"मग हे बरं होईल का?" तिने विचारलं.

"बाहेर छपरीत ठेवलं, तर काही वर्षांनी कमी होईल. त्यात कुदळी-फावडी ठेवू. आईला आपण दुसरं करू. जुन्या सागवानाच्या फळ्या मिळतात. एका फळीला कूस, म्हणजे पुढे आलेलं टोक, काढायची, दुसरीला ती बसेल अशी खाच पाडायची, आणि बांबूची खुंटी ठोकायची. गोंदाचा थेंब लागत नाही. मला ते काम येत नाही. पण तुझे हात शिकण्याच्या वयाचे आहेत आणि मला रिकामा वेळ आहे."

"जाऊ द्या ना, अप्पा," आई घाईने म्हणाली. "एका कपाटाचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं."

"एका कपाटाचं नाही, गार्गी."

अप्पांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तो तसाच हातात राहिला.

"तुझ्या फ्लॅटमधला पलंग, ओट्याखालची कपाटं, माळे, सगळं मीच करून दिलं होतं. याच गोंदानं. पुढच्या उन्हाळ्यात तुझा खोकला सुरू झाला. तुम्ही धूळ म्हणालात, कबुतरं म्हणालात, आणि मी मान हलवत राहिलो. मातीचं घर बांधा म्हणून मागे लागलो तेही त्याचमुळे, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही. आणि शेवटी हौसेनं पुन्हा तेच करून आणलं. वाटलं, एवढ्याशानं काय होतंय. खोकला माझ्यामुळे आहे, पोरी. सहा वर्षं मला ठाऊक होतं."