बादलीत उरलेला आवाज

हे घडलेलं आहे. मी रचलं असतं, तर प्रसंग निदान रात्रीचा तरी ठेवला असता.

हे भर दुपारी घडलं. खिडक्या उघड्या होत्या. बाहेर कोणीतरी गाद्या झटकत होतं. खोलीत माझ्याशिवाय पाच मुलं होती, आणि मी जे ऐकलं तेच त्या पाचही जणांनी ऐकलं. तेव्हा म्हाताऱ्याचे कान वाजले असतील, असं कृपा करून कोणी म्हणू नये.

आधी मागचं थोडं सांगतो.

माझी धाकटी बहीण अंध मुलांच्या निवासी शाळेत शिकवायची. मुलं तिला बाई म्हणत. दर आठवड्याला ती शाळेतल्या एका चिंचोळ्या खोलीत बसायची आणि तिथल्या संगणकावर मुलांसाठी गोष्ट रेकॉर्ड करायची. एकच लांबलचक गोष्ट. एका गाढवाचा प्रतिध्वनी हरवतो आणि ते त्याला शोधायला निघतं. कुठल्या पुस्तकातली नव्हती ती. मनाला येईल तशी सांगायची, कुठे काही लिहून ठेवायची नाही.

शेवटच्या भागात गाढव डोंगरातल्या गुहेपाशी पोचतं. छाती भरून श्वास घेतं. आता हाक मारणार...

तिथे भाग संपतो.

त्यानंतर बहीण आजारी पडली. आणि गेलीच.

मी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीत होतो. तिच्या त्या खोलीत ती असताना मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र त्याच शाळेत मुलांना संगणक शिकवायला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी प्रश्न आला.

"सर, तुम्ही बाईंचे भाऊ ना? मग गाढवाला गुहेतून उत्तर मिळालं का?"

मला कुठून माहीत असणार?

रोज कोणी ना कोणी विचारायचं. मुलांमध्ये दोन तट पडले होते. मिळालं म्हणणारे आणि नाही म्हणणारे. त्यावरून एकदा मारामारीसुद्धा झाली.

तर त्या दिवशी शाळेच्या क्लार्कने मला जिन्यातच गाठलं.

"सर, पाच वाजता भंगाराची गाडी येणार आहे. बाईंच्या खोलीतला तो डबा पण जाणार. आतलं काय हवं ते काढून घ्या. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका."

"अहो, आज सांगताय?"

"आज सांगितलं हेच खूप समजा. मला आजच कळलं."

तो डबा म्हणजे बहिणीचा संगणक. पेन ड्राइव्ह ओळखत नव्हता, इंटरनेटचा पत्ता नव्हता. नेटवर्कची तार जोडायची खाच तेवढी शाबूत होती. म्हटलं, हरकत नाही. तार टाकू, पलीकडे माझा लॅपटॉप ठेवू, आणि फाइल इकडून तिकडे पाठवणारा छोटासा प्रोग्रॅम मुलांकडूनच लिहून घेऊ. शिकणंही होईल. पाच पोरांना आणि वर्गातलं माझं स्टूल घेऊन मी बाईंच्या खोलीत गेलो.

प्रोग्रॅम लिहिला वकीलबाईने. ही तेरा-चौदा वर्षांची मुलगी. वाद घालण्यात तिचा हात कोणी धरत नाही, म्हणून हे नाव. टाइप केलेलं संगणक तिला वाचून दाखवतो आणि ती त्याच्याशीही भांडते.

मी पोरांना समजावलं, "फाइल म्हणजे पाण्याचा हौद समजा. अख्खा हौद उचलता येईल का?"

"नाही!"

"म्हणून बादली घ्यायची. हौदातून भरायची, तारेतून पलीकडे ओतायची, परत भरायची. या बादलीला म्हणतात बफर."

"बादली केवढी, सर?"

"बाईंचं अर्ध्या सेकंदाचं बोलणं मावेल एवढी."

"म्हणजे दोन शब्द," एक जण म्हणाला.

"बाई भरभर बोलायच्या," वकीलबाईने लगेच खोडून काढलं. "तीन मावतील."

पहिल्या फाइली आल्या. आल्या, पण प्रत्येकीच्या शेवटी उचकी लागल्यासारखं व्हायचं. मुलांमध्ये एक रेडिओ म्हणून आहे. कुठलाही आवाज एकदा ऐकला की हुबेहूब काढतो. त्याने लगेच नक्कल केली, "आता झोपा बरं... पा बरं."

मला आनंदच झाला. चूक सुरेख होती.

"शेवटची बादली अर्धवट भरते," मी म्हणालो. "पण आपण पूर्ण भरली असं धरून सगळी ओततो. मग उरलेल्या जागेत काय असतं?"

"आधीच्या खेपेचं पाणी," वकीलबाई म्हणाली. "म्हणजे माझी चूक."

"तुझीच. पण भलेभले करतात ही."

जेवढं भरलं तेवढंच ओतायचं, अशी तिने दुरुस्ती केली. उचकी थांबली. सगळे भाग स्वच्छ आले.

फक्त शेवटचा सोडून.

शेवटच्या भागात गाढवाने श्वास घेतला... आणि त्यानंतर बहिणीच्या आवाजात एकच शब्द आला.

"गाढवाने..."

मी कपाळाला हात लावला. "दुरुस्ती सेव्ह केलीस का गं?"

"केली."

"नक्की?"

"तीनदा केली. वाचून दाखवू?"

फाइल पुन्हा पाठवली. लांबलचक भाग होता आणि डबा म्हातारा. प्रत्येक खेपेला चहा उकळून गाळून होईल एवढा वेळ जायचा.

या वेळी शेवटी आलं...

"हाक मारली."

"सर, हे नवीन आहे," रेडिओ म्हणाला.

"नवीन कुठून येणार? बादलीत आधीचंच राहिलं असेल."

"बाईंनी हे आधी कुठेच म्हटलेलं नाही. मला सगळे भाग पाठ आहेत."

खरोखरच त्याला पाठ होते. मला वैताग आला. मी वकीलबाईला बाजूला सरकवून स्वतः बसलो. प्रत्येक खेपेआधी बादली पुसून घ्यायची, म्हणजे तिच्यात नुसती शून्यं भरायची, असं लिहिलं. शून्यं म्हणजे शांतता. आता काही उरलं असलंच तरी ऐकू येणार नाही.

पाठवली.

"गुहा गप्पच."

दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. तार बदलली.

"पुन्हा मारली."

डबा पडद्यावर सांगत होता, इथून एवढं गेलं. लॅपटॉप सांगत होता, इथे त्याहून जास्त आलं. हौदात नव्हतं ते पाणी तारेतून येत होतं. आणि घड्याळ पुढे सरकत होतं. मी टेबलावर मूठ आपटली. मुलांसमोर मी असं कधी करत नाही.

"सर," वकीलबाई हळूच म्हणाली, "चिडू नका. एकापुढे एक लावून बघा ना."

गाढवाने... हाक मारली... गुहा गप्पच... पुन्हा मारली...



मग एकदम गलका झाला. "पाठवा! सर, परत पाठवा!"

मी म्हणालो, सबंध भाग कशाला, शेवटचा तुकडाच पाठवू, वेळ वाचेल. तसं करून पाहिलं. शेवटी काहीच आलं नाही. दोनदा केलं. काही नाही. सगळी गोष्ट पहिल्या शब्दापासून जाऊ दिली की मगच तो पुढचा तुकडा यायचा.

जणू तिला मध्येच सुरुवात करता येत नव्हती.

तीन शब्दांसाठी एवढा वेळ! क्लार्क एकदा दारातून डोकावून गेला. "झालं का, सर?" माझा नुसता जळफळाट होत होता. काय चुकतंय ते कळत नाही, आणि ते सुधारावं की तसंच राहू द्यावं, तेही कळत नाही.

"गाढव म्हणालं..."

"बरं, जातो मग."

मिळालं नाही म्हणणाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. बाकीच्यांनी त्यांना गप्प केलं.

तेवढ्यात रेडिओने मान तिरकी केली.

"सर, मागे तुमचं स्टूल वाजतंय."

"मी बसलोय त्यावर. वाजणारच."

"इथलं नाही... फाइलमधलं."

माझ्या लोखंडी स्टुलाचा एक पाय आखूड आहे. हललं की टक असा आवाज होतो. तो तुकडा परत लावला. बहिणीचे तीन शब्द, आणि त्यांच्या मागे अगदी बारीक...

टक.

बहीण असताना या खोलीत खुर्ची होती. ती कुरकुरायची. जुन्या सगळ्या भागांत ती कुरकुर ऐकू येते. स्टूल माझं आहे. मी घरून आणलेलं.

मी उठून उभा राहिलो. पुढची खेप पाठवली.

"लांबून, मागून..."

"आता नाही वाजत," रेडिओ म्हणाला. मग थोड्या वेळाने, "सर, तुम्ही उठलात ना?"

माझा हात तारेकडे गेला. पण पोरांचे चेहरे... ते चेहरे पाहिल्यावर तार काढायची मला छाती होईना.

"धापा टाकत..."

"कोणीतरी ओरडलं..."

"अरे, थांब ना!"

"केवढा भरभर चालतोस!"

मग वकीलबाईच आधी हसली. "म्हणजे हरवला नव्हताच! मागे पडला होता!" पाचही जण खिदळायला लागले. मिळालं म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोघेही आपण जिंकलो म्हणून नाचत होते. मीही हसलो. डोळे पुसले.

पुढच्या खेपेला आलं, "संपली गोष्ट."

मी सुटकेचा श्वास सोडला. पाचला अजून थोडा अवकाश होता. "चला, आवरा," मी म्हणालो.

"अजून एकदा, सर," वकीलबाई म्हणाली. "खरंच संपलं का ते बघू."

मी नको म्हणायच्या आत तिने कळ दाबली होती.

गोष्ट सुरुवातीपासून गेली. गाढवाने श्वास घेतला...

"दादा..."

मला दादा म्हणणारी या जगात ती एकटीच होती. शाळेत मी सर. ती मुलांपुढे माझा उल्लेख कसा करायची, मला माहीत नाही, पण मुलं गोंधळलेली दिसली.

"दादा कोण?" एकाने विचारलं.

मी मुलांकडे बघत होतो. आवाज लॅपटॉपमधून आला होता. लॅपटॉप त्यांच्या समोर होता. पण पाचही जणांनी माना वळवल्या होत्या...

रिकाम्या स्टुलाकडे.

मी त्याच्यापासून चांगला हातभर लांब उभा होतो.

टक.

या वेळी काहीच लावलेलं नव्हतं.

"पुढचं ऐका," मी म्हणालो. "पाठव गं. पाठव लवकर."

गोष्ट पुन्हा जाऊ लागली. जिन्यात पावलं वाजली. क्लार्क दोन माणसांना घेऊन आला.

"सर, गाडी आली."

"पाच मिनिटं द्या."

"ते लोक थांबत नाहीत हो."

"पाच मिनिटं मागतोय मी! आयुष्यात कधी काही मागितलंय तुमच्याकडे?"

क्लार्क बावरला. दारातच उभा राहिला. गाढव डोंगर चढत होतं. गुहेपाशी आलं. त्याने श्वास घेतला...

"तू त्या..."

मी वाकून पुन्हा कळ दाबली. गोष्ट दोन-चार वाक्यं पुढे गेली असेल नसेल, डब्याच्या आत काहीतरी खरवडल्यासारखं झालं आणि पडदा काळा पडला. त्याला कोणी हातही लावला नव्हता. मी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. क्लार्कने स्वतः वाकून प्लग तपासला. काही नाही. शेवटी ती माणसं त्याला उचलून घेऊन गेली. मुलं रडत होती.

डबा कुठे गेला ते मी दुसऱ्या दिवशी शोधायला गेलो. ढिगाऱ्यात त्याचं नुसतं कवच सापडलं.

गोष्ट मात्र मुलांकडे आहे. सगळे तुकडे जोडून वकीलबाईने शेवटचा भाग पूर्ण केला. रात्री झोपताना ती लावतात. "दादा" आणि "तू त्या" हे दोन तुकडे तिने वेगळे ठेवलेत. माझे म्हणून.

तू त्या... काय? त्या मुलांना? त्या खोलीत? तिला मला काही सांगायचं होतं, की कशापासून सावध करायचं होतं? मी त्यापुढे सगळे शब्द लावून पाहिले. एकही बसत नाही. किंवा सगळेच बसतात.

परवा वकीलबाई वर्गानंतर थांबली.

"सर, मी ती चूक परत करून बघितली. जशीच्या तशी. दोन लॅपटॉप लावले, तोच भाग पाठवला."

"मग?"

"आधीचंच पाणी येतं. गाढवाचाच श्वास परत. नियमाप्रमाणे." ती थोडी घुटमळली. "नुसते आम्ही असताना बाई येणार नाहीत. त्या तुमच्याशी बोलत होत्या. तुम्ही येऊन बसा ना एकदा त्या खोलीत."

"उद्या बघू," मी म्हणालो.

आज तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा उद्या म्हणालो. मुलांना मी कधी उद्यावर ढकलत नाही. पण तिला काय सांगू? काही आलं नाही तर काय, याची मला भीती नाही.