अग्निबाण मंडळाचा तिसरा फायदा

"मेंबर झाला की तीन फायदे!" उकंडकाकांनी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, आणि खाली बसलेली मेडशी गावची पोरं कान टवकारून पुढे सरकली.

१९३८ सालचा उन्हाळा होता. शाळेला सुट्टी लागली होती आणि रंगूचे हे काका नागपूरच्या कॉलेजातून एक नवंच खूळ डोक्यात घेऊन आले होते. जाड कागदाच्या नळीत बारूद ठासायची, नळीला बांबूची काडी बांधायची आणि बत्ती देऊन ती आभाळात सोडायची. याचं नाव अग्निबाण, आणि तो सोडणाऱ्यांचं अग्निबाण मंडळ. मेंबरला छातीवर लावायला पत्र्याचा बिल्ला मिळणार होता. बाण उडताना बाकीचं गाव दोरीच्या बाहेर, मेंबर मात्र आत. आणि तिसरा फायदा सगळ्यांत मोठा. प्रत्येक मेंबरला एक बाण स्वतःच्या हातांनी भरायला आणि उडवायला मिळणार होता!

रंगू, तिचा चुलतभाऊ जगदेव आणि त्यांच्या वर्गातला सेवालाल या तिघांनी त्याच दिवशी नावं दिली. सेवालाल गावालगतच्या बंजारा तांड्यावर राहायचा. त्याचे वडील, सोमलाकाका, विहिरी खणताना खडकात सुरुंग लावायचं काम करत. त्या उन्हाळ्यात रंगूच्या आजोबांच्या, म्हणजे नानाजी पाटलांच्या मळ्यात त्यांचंच काम चालू होतं.

पहिल्या रविवारी बाण झकास उडाला. सगळं गाव माना वर करून बघत राहिलं. पण उकंडकाका बाण घरूनच भरून आणत. भरायला कधी मिळणार असं विचारलं, की भरण्यात धोका असतो, पुढच्या खेपेला बघू, असं सांगत. बारूद कुठली, तर म्हणे नागपूरच्या दुकानातली. तिच्या पेटीला सदा कुलूप. रंगूला हे खटकलं. मेंबर करून घेताना नव्हता तो धोका आता कुठून उपटला?

आणि मग ती गोष्ट घडली. नानाजींच्या पैशांनी आणलेली सुरुंगाच्या बारुदीची थैली सोमलाकाका रोज संध्याकाळी पाटलांच्या कोठीत ठेवत आणि सकाळी घेऊन जात. एके सकाळी नानाजींनी थैली उचलली, तर ती भलतीच हलकी लागली. नानाजी तापट माणूस. त्यांनी आगापिछा न पाहता सोमलाकाकांना पारावर बोलावलं आणि गावादेखत चोर ठरवलं. सोमवारच्या आत बारूद कुठे गेली ते सांगायचं, नाहीतर मालेगावच्या ठाण्यात वर्दी जाणार होती. ठाण्यात नाव गेलं, की सुरुंगाचा परवाना गेला. परवाना गेला, की आसपासच्या कुठल्याही गावात सोमलाकाकांना कोणी विहिरीवर उभं करणार नव्हतं. घरदार उचलून दूर कुठेतरी मजुरीला जावं लागणार होतं आणि सेवालालची शाळा सुटणार होती.

त्याच संध्याकाळी उकंडकाकांनी सेवालालचा बिल्ला काढून घेतला. चौकशी होईपर्यंत तू मेंबर नाहीस, म्हणाले. सेवालाल तांड्याच्या वाटेला लागला. रंगूला इतका राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोठीची किल्ली तं सैपाकघरात खिळ्याले टांगली राह्यते," ती जगदेवला म्हणाली. "घरातलं कोणीबी घेऊ शकते. मंग एकट्या सोमलाकाकाचंच नाव काहून?"

"म्हंजे? तुले वाटते..." जगदेवने वाक्य अर्ध्यातच गिळलं. काकांचं नाव घ्यायची त्याची छाती झाली नाही.

मागच्या रविवारी एक बाण फुसका निघून तुरीच्या धसकटांत पडला होता. दोघांनी तो शोधून काढला. थोडी बारूद जळून तो विझला होता, बाकीची आत तशीच होती. रंगूने बाण उन्हात, चुलीपासून दूर नेऊन हलक्या हाताने उसवला. काळ्या बारुदीत बारीक गोल दाणे दिसले. तिने एक दाताखाली धरला. मोहरी!

"नागपूरचा दुकानदार बारुदीवर मोहरी फुकट देते का?" जगदेव म्हणाला. "मंग तेलबी मागून घेतलं असतं."

रंगूला हसू आलं नाही. दाणे मुठीत धरून ती जगदेवला घेऊन थेट मळ्यातल्या विहिरीवर गेली. सेवालालची आई, गोमतीमावशी, दगड वाहत होती. दाणे पाहून तिने डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं आणि संशयाने रंगूकडे पाहिलं.

"ह्या तुह्याजवळ कशा आल्या?"

मग तिने सांगितलं. थैली नवी आली, तेव्हा नवऱ्याच्या जिवाला काही होऊ नये म्हणून तिने मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली होती. दृष्ट काढली की मोहऱ्या विस्तवात टाकायच्या. पण बारुदीजवळ विस्तव न्यायचा कसा? म्हणून तिने त्या थैलीतच ओतल्या. सुरुंग उडेल, तेव्हा आपोआप जळतील!

बाजूच्या दगडावर बसलेला सेवालाल उडीच मारून उठला आणि आईला म्हणाला, "याडी, हे तू पाटलाले सांगतलं काहून नाई?"

"कोनं इचारलं मले?" त्याची आई म्हणाली.

जगदेव तिथूनच नानाजींकडे पळत सुटणार होता. रंगूने त्याला हाताला धरून बसवलं. मोहऱ्या पोरीनेच घातल्या असं काका म्हणाले तर? मोहऱ्या काकांच्या कुलूपबंद पेटीतून, त्यांच्याच हातून, सगळ्यांसमोर निघायला हव्या होत्या.

रविवारी संध्याकाळी सारं गाव माळावर जमलं. नानाजी खुर्चीवर बसले होते. त्यांच्याच बोलावण्यावरून सोमलाकाकाही आले होते आणि बायकोमुलासह दोरीबाहेर उभे होते. उकंडकाका बाण लावू लागले, तशी रंगू पुढे झाली.

"काका, मले तिसरा फायदा पाह्यजे. आज माहा बाण मी भरतो."

काका हसले, पुढच्या रविवारी म्हणाले. रंगू हलली नाही. तिने आजोबांकडे वळून विचारलं, "आबाजी, गावासमोर देलेला शब्द मोडता येते का?"

शब्दाचं नाव निघताच नानाजी ताठ झाले. "उकंडा, भरू दे तिले. खोल ते पेटी."

काकांचा चेहरा उतरला. कुलूप उघडलं. रंगूने सोबत आणलेलं पांढरं धोतर अंथरून त्यावर बारूद ओतायला लावली. काळ्या बारुदीत मोहऱ्या मिसळलेल्या होत्या. नानाजी वाकून पाहू लागले. रंगूने गोमतीमावशीला आत बोलावलं आणि मावशीने न डगमगता दृष्ट काढल्याची सगळी हकीकत सांगितली. नानाजींनी थैली मागवली. तिच्यातही तेच दाणे होते.

"घरचीच तर होती," उकंडकाका खाली मान घालून पुटपुटले. "थोडी थोडी घेतली. सोमलावर आळ येईल असं वाटलं नव्हतं."

"आल्यावर तं बोलायचं!" नानाजी कडाडले. मग सोमलाकाकांपुढे जाऊन ते हळूच म्हणाले, "चुकलो मी, सोमला."

सोमलाकाकांनी नुसते हात जोडले. बोलली ती त्यांची बायको.

"पाटील, चोर म्हनलं ते पारावर म्हनलं होतं. हेबी तिथंच म्हना."

पाटलाला असं आजवर कोणी सुनावलं नव्हतं. नानाजींनी काठी उचलली आणि ते चालू लागले. मागोमाग सगळं गाव निघालं.

पारावर चढून नानाजी मोठ्यांदा म्हणाले, "सोमलानं चोरी केली नाई. चोरी माह्या घरात झाली, माह्या पोरानं केली, आन आळ मी सोमलावर घेतला. उद्यापासून उकंडा सोमलाच्या हाताखाली दगड वाहीन." मग त्यांनी रंगूला जवळ ओढलं. "ह्या लेकरानं आधी पाह्यलं, मंग तोंड उघडलं. म्या म्हाताऱ्यानं उलटं केलं."

जगदेवने सेवालालच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि सेवालाल कितीतरी दिवसांनी हसला.

आळ आल्यापासून सोमलाकाका ओढ्याकाठच्या आडवाटेने कामावर जात होते. सोमवारी सकाळी ते पहार खांद्यावर टाकून भर गावातून निघाले. पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना आपणहून राम राम घातला, आणि रंगूने तो दारात उभं राहून ऐकला.