न थांबणारी घंटा

"सेजल, कांगलां इथे आहेत गो! ये लवकर!" साईश झुडपात घुसत ओरडला.

चतुर्थीची सुट्टी होती. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी कांगलांसारखी रानफळं गोळा करायला सेजल, साईश आणि सुविधा हायस्कूलमागचा डोंगर चढले होते. पण सेजलचं लक्ष फळांवर नव्हतं. बंद पडलेल्या खाणीचा खड्डा काठोकाठ भरला होता आणि जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या नळाच्या तोंडात वाळूची पोती कोंबली होती!

"विसर्जनाची व्यवस्था बघणाऱ्या गोकुळदासकाकांचं काम," सुविधा म्हणाली. "गेल्या वर्षी विसर्जनाला इथे गणपती चिखलात रुतले ना, म्हणून यंदा पाणी साठवलंय."

एवढ्यात खड्ड्याचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या पोटात काहीतरी खचलं. पायथ्यातून लाल पाण्याची धार उडाली. तिघांनी जीव खाऊन पोती ओढली, पण ती जागची हलेनात. बांधाच्या बरोबर खाली शाळेचा हॉल होता, आणि तिथे गावातल्या बायका फुगड्यांची तालीम करत होत्या. सेजलची आईसुद्धा!

तिघंही धडपडत, खरचटत खाली पळाली.

हॉलच्या दारात गोकुळदासकाकाच उभे होते.

"काका, बांध फुटतोय!"

"अगो, तो बांध माझ्या जन्माआधीचा. खंय वतलो तो? कुठे जाणार?" काका हसले. "आणि तालमीच्या मध्ये जायचं नाही!"

"आपण ओरडू या!" साईश म्हणाला.

"फुगड्यांच्या या दणक्यात कोण ऐकणार?" सुविधा रडवेली झाली.

सेजलची नजर व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर गेली. शाळेची घंटा! आई जेवताना नेहमी सांगायची, "खाणीत सुरुंग लावायचे ना, तेव्हा घंटा थांबायचीच नाही. मग दप्तर टाकून सगळ्यांनी वर देवळाच्या मांडावर, मोकळ्या पटांगणात पळायचं!" सेजल म्हणायची, "पुरे गो आई!" आत फुगडी घालणाऱ्या बायका याच शाळेत शिकलेल्या होत्या.

पण बांध नाहीच फुटला तर? गावभर छी-थू होईल! तरी तिने लोखंडी दांडा उचलला.

ठण! ठण! ठण! ठण!

गाणं मध्येच तुटलं. कोणी काही विचारलं नाही. पदर खोचून आई सर्वांत आधी बाहेर आली. "मांडावर! धावा!" सगळ्या तिच्यामागे सुटल्या. आणि गोकुळदासकाका? तेही याच शाळेचे! डोक्याला कळायच्या आत त्यांचे पाय सगळ्यांच्या पुढे पळत सुटले होते.

"सेजल, पुरे! चल!" साईशने तिला खेचलं.

मागे डोंगर गरजला. लाल चिखलाचा लोंढा हॉलच्या खिडक्या फोडून बाकांसकट बाहेर पडला.

मांडावरून ते पाहताच गोकुळदासकाका मटकन खाली बसले.

"देवाला नीट बुडवायला गेलो, आणि तुम्हा सगळ्यांना..." त्यांनी सेजलपुढे हात जोडले. "पोरी, तू होतीस म्हणून आज आम्ही वाचलो."

"पण काका, सगळ्यात पुढे तुम्हीच होतात!" साईश पुटपुटला.

आईने सेजलला घट्ट जवळ घेतलं. "कोणी शिकवली गो तुला ही घंटा?"

"तूच की! आणि म्हणे, मी तुझं कधी ऐकत नाही!"

आई हसायला लागली आणि हसता हसता रडू लागली.