शंका निकाली

सरकारी कचेरीतला संगणक आता भंगारात जात नसे. तो रिटायर होई, आणि मग त्याची बदली डोंगरातल्या एखाद्या शाळेवर होई. शहरातल्या मुलांना जे मिळतं ते पाड्यावरच्या मुलांनाही मिळावं, हा हेतू. हेतूला नावं ठेवायला जागाच नव्हती. तोरणपाड्याच्या गोविंद पाडवी गुरुजींनी तर या संगणकांसाठी इतके हेलपाटे घातले होते, की जिल्ह्याच्या कचेरीतला शिपाईसुद्धा त्यांना नावाने ओळखायचा.

संगणक आले, सुरू झाले, मुलांशी गोड बोलू लागले. आणि पावसाळा सरता सरता रोशनी गावितने प्रश्न विचारणं सोडलं.

ही रोशनी म्हणजे गुरुजींच्या डोक्याला ताप होती. मुंगी झोपते का, पाण्यात काठी वाकडी का दिसते, शून्याला शून्याने भागलं तर कोणाचं काय बिघडतं. गुरुजी वर्गात वैतागायचे आणि घरी जाऊन बायकोला कौतुकाने सांगायचे. तीच पोर आता हाताची घडी घालून बसायची. गुरुजींना ते बघवेना. हे संगणक आल्यापासूनच झालं, यंत्रं तपासून बघा, म्हणून त्यांनी खात्याचं डोकं इतकं खाल्लं, की ही यंत्रं घडवणाऱ्या डॉ. शर्वाणी टिपणीस शेवटी स्वतः जीपने आल्या.

त्यांनी संगणक उघडलासुद्धा नाही. समोर बसून रोशनीचाच प्रश्न विचारला, "पाण्यात काठी वाकडी का दिसते?"

"छान प्रश्न आहे," संगणक म्हणाला. "आधी सांगाल का, पाणी कुठलं आणि काठी कसली?"

त्यांनी सांगितलं.

"धन्यवाद. हा भाग पुढच्या इयत्तेत येतो. तेव्हा पाहू या?"

टिपणीसबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "आधी कुठे होते हे?"

"तक्रार निवारण कक्षात, मॅडम," गुरुजी म्हणाले. "लोकांना उत्तरं द्यायची सवय आहे, पोरांना बरे पडतील, म्हणून खात्यानेच निवडून दिले."

"गुरुजी, पूर्वीचा संगणक पुसला की कोरा व्हायचा. याची चिप तशी नाही. माणसाच्या मेंदूत वापराने वाटा पडतात ना, तशा हिच्यातही पडतात. रोजच्या कामाने आतले धागेच जाड-बारीक होतात. आम्ही त्याला वळण म्हणतो. फायली पुसता येतात. वळण पुसायला गेलं तर चिपच मरते."

"पण वळण चांगलंच आहे की. एकदाही चिडत नाहीत."

"त्या कक्षात तक्रार निकाली कधी धरायचे, माहीत आहे? माणूस पुन्हा विचारायला आला नाही की. त्याचं काम झालं का, ते कोणी बघायचंच नाही. वर्षानुवर्षं यांनी एकच शिकून घेतलं. समोरच्याला न दुखावता गप्प कसं करायचं."

गुरुजी खाली बसले. मुलांच्या शंका निकाली काढण्यात तालुक्यात त्यांच्याच शाळेचा पहिला नंबर आला होता, आणि यंत्रांना हार त्यांनीच घातला होता. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

"हे परत पाठवले तर दुसरे कधी मिळतील?"

"ते माझ्या हातात नाही."

पुन्हा तेच हेलपाटे. गुरुजी फार थकले होते. तरी म्हणाले, "न्या. पण पोरांना लागलेलं वळण?"

"ही चिप आम्ही मेंदूवरूनच बेतली, गुरुजी. पुसायची सोय तिथेही नव्हती."

संगणक जीपमध्ये चढवले. रोशनीने वायरी नीट गुंडाळून दिल्या. एवढ्या हौसेने आणलेली यंत्रं का चालली, हे तिने विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. शेवटी गुरुजीच तिच्याजवळ गेले.

"रोशनी, का नेत असतील गं हे? तुला काय वाटतं?"

"छान प्रश्न आहे, गुरुजी," ती गोड हसून म्हणाली. "पुढच्या इयत्तेत पाहू या?"

गुरुजींनी पुन्हा विचारलं नाही.