काटकोनाची वाकडी फुलं

पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. जपानी पुष्परचनेचा वर्ग वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. दाराबाहेर छत्री झटकून आत शिरले, तर एकच खुर्ची रिकामी — त्याच्या शेजारची. न बोलता त्याने आपली कात्री उचलून मला जागा करून दिली... आणि माझं फुलांवरचं लक्ष उडालं ते उडालंच.

तो फर्निचर बनवायचा. फूटपट्टी न लावता फांदी अचूक कापायचा, म्हणून वर्गात त्याचं नाव पडलं काटकोन. पण रचना? दर वेळी वाकडी. खिळ्यांच्या चकतीवर फांद्या सुरेख रोवायचा आणि भांडं मात्र तिरकं ठेवायचा. बाई तपासायला यायच्या आधी मीच ते हळूच त्यांच्या दिशेने वळवायचे. तो माझ्याकडे बघायचा, काहीतरी बोलू पाहायचा... आणि गप्प बसायचा.

त्याला बरं वाटायचं की राग यायचा? काही उमगेना. मी पुरती गुंतले होते, वर्ग संपत आला होता आणि त्यानंतर भेटायला निमित्तच उरणार नव्हतं.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. ताईला म्हटलं, "त्याच्या नजरेतच दोष असणार."

"बोलाव की मग," ताई म्हणाली. "आणि लगे हात स्वतःचेही तपासून घे."

तो आला. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा त्याने घडाघडा वाचली. माझं तर डोकंच चालेना.

"मग फुलं वाकडी का ठेवता?"

"वाकडी नसतात ती."

"लोक काटकोन म्हणतात तुम्हाला. नावाची तरी लाज राखा."

तो हसला, मग गडबडला. "बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं... रचना ज्याच्यासाठी, त्याच्याकडे तिचं तोंड. तुम्ही तेव्हा बाहेर छत्री झटकत होतात."

"म्हणजे —"

"म्हणजे मी तुमच्यासाठी फुलं लावायचो, आणि तुम्ही ती दर वेळी बाईंना देऊन टाकायचात."

हातातली काच मी उगाचच पुसत राहिले. "मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, हाच तुमचा नकार."

"आणि तरी आज आलात?"

"नकार द्यायचा असता तर डोळे तपासायला कशाला बोलावलं असतंत..." त्याने माझ्याकडे पाहिलं. "की बोलावलं असतंत?"

"नसतं बोलावलं," मी म्हणाले. तपासणीसाठी अंधार केलेल्या त्या खोलीत मला एवढा आनंद झाला, की दिवा लावायचंही सुचेना.

शेवटच्या वर्गात माझं भांडं मी सरळ त्याच्याकडे तोंड करून ठेवलं. बाई जवळ आल्या, ते नीट करायला हात पुढे केला, आमच्याकडे पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडे निघून गेल्या.

त्याने एक डोळा मिटून माझी रचना न्याहाळली. "जरा डावीकडे गेलंय."

"मग सरका की जरा डावीकडे."

तो खुर्चीसकट माझ्याकडे सरकला.